गाडीच्या कापडी सीटची स्वच्छता (खानदेश)

मोटारीच्या सीटवरील कापडात व त्याखालच्या गादीत शिरलेली धूळ, माती, तेल, रंग आणि वास काढण्याचे काम. कापडी सीट थरांची असते : वर बहुधा पॉलिएस्टरचे कापड, त्याला मागून चिकटवलेला पातळ स्पंज आणि खाली पॉलियुरेथेन फोमची जाड गादी. पॉलियुरेथेनचे रसायन ओटो बायर व सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत शोधले, तर पॉलिएस्टर व्हिनफील्ड व डिक्सन यांनी १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये. पॉलिएस्टरचा धागा पाणी फारसे पीत नाही, गादी मात्र भरपूर पिते. वरून कोरडी दिसणारी सीट आतून ओली राहते ती यामुळे. खानदेशात तरी डागाने जितक्या सीट खराब होतात, त्याहून जास्त डाग काढताना ओतलेल्या पाण्याने होतात, असे म्हणायला हरकत नाही.

रेक्झिनच्या सीटवर फडके मारले की काम भागते. पण जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. उन्हात उभ्या गाडीतले रेक्झिन बसणाऱ्याला चटका देते आणि घामाने पाठीला चिकटते. कापडी सीटला हा त्रास कमी. त्याची किंमत साफसफाईत मोजावी लागते.

पहिला शत्रू काळी माती. तापी-गिरणेच्या खोऱ्यातील या मातीत पाण्याने फुगणाऱ्या मॉन्टमोरिलोनाइट गटाच्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असून तिचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. शेतातून आलेल्या माणसाच्या पायजम्याचा चिखल सीटला लागला की घरचे लोक लगेच ओले फडके घेऊन धावतात, आणि तिथेच चुकते : माती विणीत भरते आणि करडा पट्टा कायमचा बसतो. चिखल वाळू द्यावा. सुकताना ही माती आक्रसते, तिला भेगा पडतात आणि खपल्या आपोआप सुटतात. मग ब्रश, त्यानंतर व्हॅक्यूम. व्हॅक्यूम नसेल तर घट्ट पिळलेला पंचा सीटवर पसरून वरून हलक्या हाताने थापटावे. उसळलेली धूळ पंच्याला धरते. कापूस वेचणीच्या दिवसांत कापडात अडकलेले तंतू व्हॅक्यूमलाही दाद देत नाहीत. किंचित ओला रबरी हातमोजा एकाच दिशेने फिरवला की त्यांच्या गुंडाळ्या होऊन निघतात.

रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यातला डाग वेगळ्या जातीचा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या चिकाची ख्याती मात्र कापणीवाल्यांच्या कपड्यांवर आधीपासून आहे. घडाचा दांडा कापताना गळणारा चीक ताजा असताना रंगहीन दिसतो, म्हणून कोणी लक्ष देत नाही. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यातील टॅनिनसारखी फिनॉलवर्गीय द्रव्ये तपकिरी-काळी पडतात आणि धाग्याला धरून बसतात. ताजा चीक थंड पाणी व साबणाने टिपून काढता येतो. काळा पडल्यावर साबणाचा उपयोग नाही. ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड थोडे लावून पाहावे, तेही आधी सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या कापडावर. डाग फिका होतो, पुरता जाईलच असे नाही.

लग्नसराईत हळद. नवरदेवाच्या गाडीत हळदीचे हात सीटला लागतात आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी धुण्याचा साबण चोळतो. पिवळा डाग क्षणात लालभडक होतो, कारण हळदीतील कर्क्युमिन क्षारयुक्त साबणाने रंग बदलते. घाबरण्याचे कारण नाही : लिंबाचे पाणी लावले की पुन्हा पिवळा होतो. पुढे स्पिरिटने भिजवलेल्या फडक्याने टिपावे आणि दारे उघडी टाकून सीटवर थेट ऊन पडू द्यावे. कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. खानदेशी उन्हाचा एवढा सरळ फायदा क्वचितच कुठे मिळतो. ब्लीचिंग पावडर मात्र वापरू नये. कापडाचा रंग उडतो, आणि लिंबू किंवा व्हिनेगरशी ती मिसळली तर बंद केबिनमध्ये क्लोरीन वायू सुटतो.

हिवाळ्यातल्या भरीत पार्टीहून परतताना डबा कलंडला, तर वांग्याचा गर चमच्याने उचलावा, तेल कोरड्या पिठाला पिऊ द्यावे आणि पीठ झाडल्यावर भांडी घासण्याच्या पातळ साबणाचा फेस लावावा. शेवभाजीच्या तर्रीलाही हेच. चोळू नये, बाहेरून आत टिपत जावे.

सगळी सीट धुवायची झाल्यास शॅम्पूचा फक्त फेस ब्रशवर घ्यावा, बादली सीटवर रिती करू नये. विहिरी-बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यातील कॅल्शियमशी साधा साबण संयोग पावून पांढरी साय धरतो. डिटर्जंटला हा त्रास कमी होतो. फक्त डागापुरता भाग ओला केला तर वाळताना मळ कडेला सरकून कडे उमटते, म्हणून शिवणीपासून शिवणीपर्यंतचा पूर्ण भाग ओलवावा आणि शेवटी कोऱ्या पाण्याच्या फडक्याने फेस उचलून घ्यावा. एप्रिल-मेमध्ये हे काम उन्हात केले तर फेस उचलण्याआधीच वाळतो, साबण कापडात राहतो आणि त्यावर आठवड्यात दुप्पट धूळ बसते. धुणे सकाळी सावलीत, वाळवणे उन्हात. आषाढ-श्रावणात सीट धुणे टाळलेलेच बरे. दमट हवेत गादी वाळत नाही आणि कुबट वास धरतो. दसऱ्याला गाडीची पूजा करण्याआधी, पाऊस ओसरून ऊन तापू लागलेले असते, तेव्हा हे काम चांगले साधते.

वास लपवण्यासाठी फवाऱ्याचे डबे गाडीत ठेवण्याची सवय इथे धोक्याची आहे. डब्यावर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते आणि उन्हातली बंद गाडी ती सहज ओलांडते. खाण्याचा सोडा रात्रभर पसरून सकाळी व्हॅक्यूम करणे स्वस्त आणि बिनधोक.

जुन्या गाड्यांना न लागणारी एक काळजी नव्यांना लागते. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या गाड्यांत चालक व शेजारच्या प्रवाशासाठी सीटबेल्टची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्यामुळे शेजारच्या सीटमध्ये कोणी बसले आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर असतो, खाली तारांची जोडणी असते आणि काही गाड्यांत पाठीच्या कडेला एअरबॅगही. गादीत मुरलेले पाणी तिथे उतरले की सीट रिकामी असतानाही सूचक वाजत राहू शकतो. म्हणून वॉशिंग सेंटरवर गाडी देताना पुढच्या सीटखाली पाण्याचा फवारा मारू नका, असे आधीच बजावावे. गाडीला बाजूच्या एअरबॅग असतील तर बाजारातले घट्ट कव्हर सरसकट चढवू नये. पाठीची कडेची शिवण मोकळी ठेवणारेच घ्यावे.