लेखनातून आभासी चलन : उत्पन्न आणि जोखीम

ब्लॉकचेनवर लेख प्रसिद्ध करून आभासी चलन मिळविण्याची कल्पना ‘स्टीमिट’ या संकेतस्थळाने २०१६ मध्ये रूढ केली. २०२० मध्ये ही कंपनी जस्टिन सन यांनी विकत घेतल्यावर वाद झाला आणि २० मार्च रोजी ‘हाइव्ह’ ही स्वतंत्र साखळी सुरू झाली.

दोन्हींकडे लेखावर ७ दिवस वाचक मते देतात आणि त्यानुसार मोबदला ठरतो. लेखक यवतमाळजवळच्या लोहाऱ्याचा असो वा न्यूयॉर्कचा, नियम एकच. न लिहिताही उत्पन्न मिळू शकते. चलन गुंतवून ठेवले, की मताचे वजन वाढते आणि मत देणाऱ्यास मोबदल्यात वाटा मिळतो. हा मताधिकार इतरांना भाड्यानेही देता येतो. मात्र हाइव्हवर गुंतवणूक मोकळी होण्यास १३ आठवडे लागतात.

हे बँकेचे व्याज नव्हे. मोबदल्यासाठी नवे चलन निर्माण होते; त्याला ग्राहक नसल्यास भाव घसरतो. जानेवारी २०१८ मध्ये ८ डॉलरच्या घरात गेलेला ‘स्टीम’ वर्षअखेरीस अर्ध्या डॉलरच्याही खाली आला. ज्यांच्या खात्यातील नाणी दरम्यान वाढली, त्यांचेही रुपयांतील मूल्य घटलेच.

भारतात एप्रिल २०२२ पासून अशा चलनाच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के कर आहे. तोटा मात्र इतर उत्पन्नातून वजा करता येत नाही. बँकेतील ठेवीस ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो, येथे तो नाही. म्हणून बुडाली तरी संसार अडणार नाही, एवढीच रक्कम यात गुंतवावी.