माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर

स्मरणिका समितीने 'पंचवीस वर्षांतली एखादी आठवण लिहा' असं सांगितलं. जमीन, कर्ज, पाण्याची टाकी यांचा इतिहास इतर सभासद लिहितीलच. मी लिहितोय ते आमच्या माळ्यावर तेवढीच वर्षं पडून राहिलेल्या एका यंत्राबद्दल.

आमचं मूळ गाव नारायणगडाच्या पायथ्याशी. नगद नारायणाचं हे ठिकाण म्हणजे आमच्याकडची धाकटी पंढरी. वडील आणि थोरले चुलते (त्यांना आम्ही आबा म्हणतो) यांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, सप्ताह असो, झाडाला कर्णा बांधायचा आणि रेकॉर्डी लावायच्या. पुढे कॅसेट आल्या, धंदा बसला, वाटण्या झाल्या. त्यात यंत्रं आमच्याकडे आली, रेकॉर्डी आबांकडे गेल्या. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, पण बोलणंच बंद झालं. वडील गेले तेव्हा आबा दहाव्याला आले आणि चहाही न घेता परत गेले.

गेल्या वर्षी गच्ची गळली म्हणून माळा रिकामा केला. भंगारवाला दोन्ही यंत्रांचे तीनशे द्यायला तयार होता. मुलगा म्हणाला, "बाबा, सूटकेससारखा नवा मिळतो, तो घेऊ." तसा एक मी पाहून आलो. त्यात सुईचा दाब कमी-जास्त करायची सोयच नव्हती. जुन्या रेकॉर्डवर तो फिरवणं म्हणजे नांगर फिरवणं!

आमच्याकडच्या दोनपैकी एक यंत्र आपोआप रेकॉर्ड बदलणारं होतं. एक संपली की दुसरी तिच्यावर पडते. गंमत खरी, पण 78 फेऱ्यांची रेकॉर्ड लाखेची असते, पळस-बोरीवर मिळते तीच लाख. आपटली की तडकते. 1902 साली कोलकात्यात गौहरजानचं गाणं उतरवलं, तेव्हा तबकड्या जर्मनीत छापून बोटीने यायच्या. 1908 मध्ये सियालदहला कारखाना निघाला. इतक्या लांबून आलेली वस्तू आपटायची कशाला? मी साधं, चार वेगांचं यंत्र ठेवलं. त्याची थाळी डगमगत नव्हती आणि सुईचा दांडा कुठेही अडकत नव्हता.

आतलं ग्रीस मात्र गुळाच्या ढेपेसारखं घट्ट झालेलं. रॉकेलने धुऊन शिलाई मशिनचं तेल घातलं. मोटरची गती थाळीला देणारं रबरी चाक एकाच जागी दाबून राहिल्याने चपटं झालं होतं, त्यामुळे दर फेऱ्याला धडधड. ते लेथवाल्याकडून नवं रबर चढवून घेतलं. पिकअपमधला स्फटिक दमट हवेने मेला होता. मुंबईच्या चोर बाजारातून सिरॅमिकचा आणला. त्याला खटका आहे: एका बाजूला 78ची जाड सुई, दुसऱ्या बाजूला एल.पी.ची बारीक. दाब सोनाराच्या काट्यावर मोजला, पाच ग्रॅम.

वेग तपासायला कागदी चकतीवर 180 रेघा आखल्या. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते, एल.पी.चा वेग बरोबर असेल तर त्या उजेडात रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. घरात सगळे एल.ई.डी. चोकची एकच ट्यूब उरलीय, बी विंगच्या जिन्यात. रात्री अकराला मी तिथे वायर ओढून बसलेला पाहून वॉचमन हसत होता, ते ज्यांनी पाहिलं त्यांना आता कारण कळलं असेल.

यंत्र सुरू झालं, पण लावायला काहीच नाही. शेवटी गावी गेलो. गडावर दर्शन घेतलं आणि खाली उतरून आबांच्या ओट्यावर बसलो. बराच वेळ पाऊसपाण्याचं बोललो. मग विषय काढला.

आबांनी एवढंच विचारलं, "सुई किती वजनानं टेकती?"

"पाच ग्रॅम."

"काट्यावर मोजलं का अंदाजानं?"

"काट्यावर."

ते आत गेले. मला वाटलं, पेटी घेऊन येतील. आले ते धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून. पेटी मला उचलू दिली नाही. एस.टी.त बीडपर्यंत मांडीवर धरून बसले. आपल्या सोसायटीचे तीन जिने थांबत थांबत चढले, घरात आल्यावर वडिलांच्या फोटोकडे न बघता सरळ यंत्रापाशी गेले, खटका 78वर फिरवला आणि म्हणाले, "पंखा बंद कर रे."