अल-खूदचा मातीचा बांध

अलिबाग, पेण, रेवदंडा या बाजूच्या आपल्या जुन्या माणसांसमोर 'बांध' म्हटलं की त्यांना खारबंदिस्ती आठवे. भरतीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला उघाडी. बांध फुटला की खाऱ्या पाण्याने जमीन नासे, आणि पुढे काही वर्षं भाताचं नाव घेता येत नसे. घाण्याच्या जोडीला शेती करणाऱ्या आपल्या वाडवडिलांना हे सांगावं लागत नव्हतं.

ओमानमध्ये मस्कतच्या पश्चिमेला, सीबजवळ अल-खूद येथेही एक मातीचा बांध आहे. तो १९८५ साली पुरा झाला. लांबी पाच किलोमीटर, उंची अवघी अकरा मीटरच्या आसपास. त्याने अडवलेली वादी समाईल हजर पर्वतातून उतरते आणि खालच्या भागात वर्षातला बहुतेक काळ कोरडीच असते. मस्कतचा वर्षाचा पाऊस सुमारे १०० मिलिमीटर. आपल्या कोकणात तेवढा आषाढात एका दिवसात पडतो. पण तिथे पडला की वादीला लोंढा येतो, आणि पूर्वी तो थेट समुद्राला मिळे.

हा बांध पाणी साठवून ठेवण्यासाठी नाही, हे कळलं तेव्हा आम्हांला जरा चमत्कारिकच वाटलं. लोंढा अडवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि उन्हाने वाफ होण्याआधी निवळ पाणी हळूहळू खालच्या गोट्यावाळूच्या पात्रात सोडून मुरवायचं. कारण बातिना किनाऱ्यावर मोटारपंपांनी विहिरी उपसल्या तशी समुद्राची खार जमिनीखालून आत सरकली. लिंबाच्या, खजुराच्या बागा सुकल्या. म्हणजे हाही खारबांधच! आपला समुद्राला वरून अडवी, हा जमिनीखालून मागे रेटतो.

तळं भरलं की मस्कतची माणसं पोराबाळांना घेऊन पाणी बघायला येतात. चटया, खजूर, कॉफीचे थर्मास. चार दिवसांची चौपाटीच म्हणा. येरुहामला १९५०च्या दशकात वादी अडवून केलेल्या तळ्याकाठी बसलेल्या आपल्या मंडळींना हे चित्र नवं नाही. खूदचं पाणी मात्र लवकरच जातं आणि भेगाळलेला गाळ उरतो. तो तळ्याची जागा खातो, मुरण्याच्या वाटाही बुजवतो. कोकणात पावसाआधी बांधाला मातीची भर घालायला गाव उतरे. खूदला बांधामागची माती उपसावी लागते.