जुन्नरचा परदेशी घोडा

वेगवान परदेशी वाहनाची हौस आपल्या प्रांतात मोटारीबरोबरच आली, असे नव्हे. जुनी विलायती धावमोटार थोडक्या किमतीत घेऊन ती स्वहस्ते राखू पाहणाऱ्या आजच्या तरुणांस आम्ही जुन्नरचा एक जुना हिशेब दाखवू इच्छितो.

१४७० च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन होर्मुझहून समुद्रमार्गे चौल बंदरी उतरला. बहामनी राज्यात चांगल्या घोड्यांची पैदास नव्हती. ते समुद्रापलीकडूनच येत. जुन्नरास पोहोचेपर्यंत हा घोडा त्यास १०० रुबलांस पडला. तेथे पावसाळ्यात मुक्काम असता सुभेदार असदखानाने तो हिरावून घेतला. खोजा मुहंमद या खुरासानी गृहस्थाने रदबदली केली, तेव्हा तो परत मिळाला.

येथे घोड्यांस हरभरे आणि साखर व तेलतूप घातलेली खिचडी चारतात, असे निकितीन लिहितो. अखेर बेदरास त्याने घोडा विकला. तेव्हा त्याने आवर्जून नोंदविले ते हे की, वर्षभर पोसण्यास ६८ फुतून नाणी खर्ची पडली.

खरेदीची किंमत एकदाच द्यावी लागते. निगेची मात्र रोज. या भूमीत बैल व रेडे निपजतात, असेही तो सांगतो. जुन्नर-आंबेगावकडील शर्यतीच्या घाटांत बैलगाडे आजही धावतात. त्या बैलांचा चारा आणि राखणारा जाणता हात बहुधा घरचाच असतो. परक्या जातीचे वाहन दारी आणणाऱ्याने, ही दोन्ही आपल्यापाशी आहेत काय, एवढे आधी पाहावे.