जाळण्याची आज्ञा झालेला मूकपट

पाश्चात्य देशांत ३१ ऑक्टोबरची रात्र भुताखेतांची मानली जाते. १ नोव्हेंबरला ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण असतो, त्याची ही पूर्वरात्र. तिच्या मुळाशीं आयर्लंड व स्कॉटलंड येथील केल्ट लोकांचा हिवाळ्याच्या आरंभींचा एक प्राचीन उत्सव असावा, असें अनेक विद्वानांचें मत आहे. एकोणिसाव्या शतकांत तेथील लोक मोठ्या संख्येनें अमेरिकेंत गेले, तेव्हां हा सणहि त्यांच्याबरोबर गेला. आयर्लंडांत सलगम पोखरून त्यांत दिवा ठेवीत. अमेरिकेंत त्या कामीं भोपळा आला. पुढें विसाव्या शतकांत या रात्रीच्या आचारांत आणखी एकाची भर पडली, ती म्हणजे दिवे मालवून भीतिदायक चित्रपट पाहण्याची. अशा रात्रीसाठीं रसिक ज्या चित्रपटांची निवड करतात, त्यांत शंभर वर्षांहून जुना एक जर्मन मूकपट हटकून असतो. ‘नोस्फेराटू’ हें त्याचें नांव. त्यांतील पिशाच्च भयंकर आहेच. परंतु त्या चित्रपटाचा स्वतःचा इतिहास त्याहूनहि विलक्षण आहे. कायद्याच्या दृष्टीनें हा चित्रपट १९२५ सालींच मेला. आणि तरीहि तो दर वर्षीं उठून पडद्यावर चालूं लागतो.

ज्या कंपनीनें तो काढला तिचें नांव ‘प्राण फिल्म’. हा प्राण शब्द आपलाच, संस्कृतांतला. कंपनीच्या चालकांपैकीं आल्बिन ग्राऊ हा गूढविद्येच्या नादीं लागलेला चित्रकार होता, व त्या मंडळींत अशा पौरस्त्य शब्दांचें आकर्षण मोठें होतें. त्यांनीं कथा निवडली ती ब्रॅम स्टोकर याच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीची. स्टोकर हा डब्लिनचा आयरिश गृहस्थ. लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचा कारभार त्यानें पुष्कळ वर्षें पाहिला, व हें पुस्तक १८९७ सालीं प्रसिद्ध केलें. १९१२ सालीं तो वारला. पुस्तकाचे हक्क त्याची विधवा पत्नी फ्लॉरेन्स हिच्याकडे होते. प्राण कंपनीनें ते विकत घेतले नाहींत, कीं तिची परवानगीहि मागितली नाहीं. तिनें पात्रांचीं नांवें बदललीं, ड्रॅक्युलाचा ऑर्लोक केला, लंडनच्या जागीं एक काल्पनिक जर्मन बंदर आणलें, आणि इतकें करून चित्रपटाच्या आरंभींच्या पाटीवर स्टोकरच्या कादंबरीचा उल्लेख मात्र प्रामाणिकपणें केला! चोरानें घर फोडावें आणि भिंतीवर आपली सही ठेवून जावें, तसाच हा प्रकार झाला.

परंतु ही नुसती चोरी नव्हती. दिग्दर्शक मुर्नाऊ हा त्या काळच्या जर्मन चित्रकलावंतांत अग्रगण्य होता. त्यानें कॅमेरा कारखान्याबाहेर काढला. विस्मार व ल्यूबेक या जुन्या बंदरांत आणि स्लोव्हाकियांतील ओरावा किल्ल्यावर जाऊन चित्रण केलें. माक्स श्रेक या नटानें ऑर्लोकचें जें रूप उभें केलें, त्यांत कादंबरींतल्या उमरावाचा डौल नाहीं. टक्कल, उंदरासारखे पुढचे दांत, लांब नखें, आणि जिना चढणारी ती प्रसिद्ध सावली! हें पिशाच्च जहाजांतून येतें, त्याच्या पेट्यांतून उंदीर बाहेर पडतात, आणि बंदरांत प्लेग सुरू होतो. रिकाम्या रस्त्यांतून शवपेट्यांची रांग चालते. ज्या प्रेक्षकांसाठीं हें चित्र काढलें, त्यांनीं महायुद्ध व १९१८ चा इन्फ्लुएंझा नुकताच पाहिला होता. मराठी वाचकालाहि येथें थोडें थबकावें लागतें. ज्या १८९७ सालीं स्टोकरची कादंबरी निघाली, त्याच सालीं पुण्यांत प्लेगनें हाहाकार उडविला होता. घरांत उंदीर पडला कीं गांव सोडावयाचें, ही गोष्ट आपल्या पणज्यांना कोणी पुस्तकांतून शिकवावी लागली नव्हती.

आणखी एक गोष्ट येथें नमूद केली पाहिजे. रक्त पिणारें पिशाच्च सूर्याच्या किरणानें नष्ट होतें, असें आज सर्वत्र समजलें जातें. पण स्टोकरच्या पुस्तकांत तसें नाहीं. त्याचा ड्रॅक्युला दिवसा लंडनच्या रस्त्यांतून फिरतो, आणि शेवटीं शस्त्रांनीं मारला जातो. ऑर्लोक मात्र एका स्त्रीच्या आत्मार्पणामुळें कोंबडा आरवेपर्यंत तिच्यापाशीं गुंतून राहतो, आणि पहाटेच्या उन्हांत विरून जातो. ही कल्पना चित्रपटाची. पुढें ती इतकी रूढ झाली कीं, लोक तिला परंपरा समजूं लागले. उसनवारीनें सुरू झालेल्या कृतीनें अशी परतफेड केली.

४ मार्च १९२२ रोजीं बर्लिनच्या प्राणिसंग्रहोद्यानांतील संगमरवरी दिवाणखान्यांत चित्रपटाचा पहिला खेळ मोठ्या थाटानें झाला. ही वार्ता लंडनला फ्लॉरेन्सबाईंच्या कानीं गेली. नवऱ्याच्या पुस्तकांपासून येणारें उत्पन्न हा त्यांच्या उतारवयाचा आधार होता. त्यांनीं ब्रिटिश लेखकसंघाच्या साह्यानें भरपाई मागितली. परंतु तोंपर्यंत प्राण कंपनीचें दिवाळें निघालें होतें. ‘नोस्फेराटू’ हा तिचा पहिला आणि शेवटचा चित्रपट ठरला. पैसा मिळण्याची आशा सरली, तेव्हां बाईंनीं चित्रपट नष्ट करण्याची मागणी केली, आणि १९२५ सालीं न्यायालयानें सर्व प्रती व निगेटिव्ह नष्ट करण्याचा हुकूम दिला.

या बाईंना दुष्ट ठरविण्याची चाल चित्रपटभक्तांत आहे. आम्हांस ती अन्यायाची वाटते. चोरून काढलेलें चित्र गांवोगांव फिरत असतां हक्काचें चित्र काढण्यास पैसे कोण देणार, हा बाईंचा हिशेब खोटा नव्हता. पुढें परवानगी घेऊन ‘ड्रॅक्युला’चें नाटक झालें, आणि युनिव्हर्सल कंपनीनें हक्क विकत घेऊन १९३१ च्या फेब्रुवारींत बेला लुगोसी याचा प्रसिद्ध बोलपट काढला, तेव्हां बाईंस त्यांचा वाटा मिळाला. दुसऱ्याच महिन्यांत मुर्नाऊ कॅलिफोर्नियांत मोटार-अपघातानें वारला.

हुकूम झाला खरा, पण चित्रपट म्हणजे एकच हस्तलिखित नव्हे. त्याच्या प्रती परदेशांत जाऊन पोचल्या होत्या, आणि जर्मन न्यायालयाचा हात तेथवर पुरला नाहीं. लंडनच्या फिल्म सोसायटीनें १९२८ सालीं तो दाखविला. १९२९ सालीं तो न्यूयॉर्कला पोचला. केवळ एक प्रत वाचली, असें जें सांगतात ती दंतकथा होय. पण मूळ निगेटिव्ह गेली ती गेलीच. उरलेल्या प्रती तोडलेल्या, जोडलेल्या, पाट्या बदललेल्या अशा होत्या. मुर्नाऊनें रात्रीचे प्रसंग भर दिवसा चित्रित करून त्या फितीला निळी छटा दिली होती. काळ्यापांढऱ्या नकलांत ती छटा उतरली नाहीं. त्यामुळें उन्हानें मरणारा ऑर्लोक भर दुपारीं पेटी काखेंत मारून गांवांतून चाललेला लोकांनीं कित्येक वर्षें पाहिला, आणि जुन्या काळचें अज्ञान म्हणून ते हसले! पॅरिसच्या सिनेमातेकमध्यें १९२२ ची एक रंगछटांची प्रत होती. तिच्या आधारानें २००६ च्या सुमारास जीर्णोद्धार पुरा झाला, तेव्हां ऑर्लोकला त्याची रात्र परत मिळाली.

मग न्याय कोणाच्या बाजूस? आमच्या मतें हक्क बाईंचा होता. चूक होती ती जाळण्यांत. चोराकडून दंड घ्यावा, खेळ बंद करावेत, हें यथायोग्य. परंतु ग्रंथकर्त्याचा हक्क कायद्यानें मुदतीचा केला आहे, आणि राख मात्र मुदतीची नसते. ब्रिटनमध्यें ‘ड्रॅक्युला’वरील हक्काची मुदत १९६२ सालीं संपली. १९२५ चा हुकूम तंतोतंत पाळला गेला असता, तर ज्या दिवशीं कोणाचेंच नुकसान उरलें नाहीं, त्या दिवशीं पाहावयासहि कांहीं उरलें नसतें. सुदैवानें तसें झालें नाहीं. हर्त्झोग यानें १९७९ सालीं व रॉबर्ट एगर्स यानें २०२४ सालीं हीच कथा पुन्हा चित्रित केली, ती या अवज्ञेच्या पुण्याईवर.

म्हणून ३१ ऑक्टोबरच्या रात्रीं ज्या वाचकांस हा मूकपट पाहण्याची इच्छा होईल, त्यांनीं निळ्या छटेची प्रत मिळवून पाहावी. आणि आरंभींच्या पाटीवर स्टोकरचें नांव येईल तेव्हां, ज्या विधवेला त्या नांवाचे पैसे कोणी दिले नाहींत, तिचेंहि क्षणभर स्मरण करावें.