संकटकाळीं गुरुजींचें मन

मुळा-मुठेच्या कांठीं वसलेल्या आमच्या मांजरीचें नांव आपणांपैकीं पुष्कळांनीं द्राक्षांमुळें किंवा लशीमुळें ऐकलें असेल. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र येथें आहे. आणि १२ जानेवारी २०२१ रोजीं पहांटे कोविडच्या लशीच्या पेट्यांनीं भरलेल्या पहिल्या मोटारी विमानतळाकडे निघाल्या, त्याही येथूनच. आज मात्र मी या दोहोंपैकीं कशाचीच हकीकत सांगणार नाहीं. मांजरीच्या पश्चिमेस मुंढवें आहे, त्याला लागून हडपसर आहे, आणि नदी ओलांडून उत्तरेस गेलें कीं वाघोली लागते. सारा टापू दोन-तीन कोसांचा. पण एवढ्याशा टापूंत तीन भिन्न काळांतील तीन आपत्तींच्या खुणा आहेत: १८९७ सालचा प्लेग, १९९३ सालचा किल्लारीचा भूकंप आणि २०२० सालची कोविडची सांथ. या तिहींकडे मी एका शाळामास्तराच्या दृष्टीनें पाहणार आहें. अशा वेळीं मुलाचें मन कोण सावरतें, आणि त्या सावरणाऱ्याला कोण सावरतें, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम प्लेगाची गोष्ट घेऊं. १८९६ च्या सप्टेंबरांत हा रोग मुंबईस प्रकट झाला आणि पुढील वर्षाच्या आरंभीं पुण्यांत त्यानें मूळ धरलें. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सरकारनें सांथरोगांचा कायदा केला. १३ मार्चपासून गोऱ्या शिपायांनीं शहरांत घरझडती सुरू केली. रोगाची भीति होतीच. तिच्यांत उंबरठ्याशीं वाजणाऱ्या बुटांच्या भीतीची भर पडली. लोक आजारी माणसें लपवूं लागले. रोगी किती, मेलेले किती, घरें किती तपासलीं, या सर्वांची सरकारदप्तरीं मोजदाद झाली. परंतु भ्यालेलीं पोरें किती, हें मोजण्याची कल्पनाच त्या काळीं नव्हती.

याच दिवसांत हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यांत डॉ. यशवंत फुले यांनीं प्लेगाच्या रोग्यांसाठीं दवाखाना घातला होता. त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई तेथें रोग्यांची शुश्रूषा करीत. मुंढव्याच्या गांवकुसाबाहेरील वस्तींत पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलास प्लेग झाल्याचें कळतांच, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं या बाईंनीं त्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणलें. त्या सेवेंतच त्यांना रोगानें गांठलें आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला.

ही कथा आपण शाळाशाळांतून सांगतों आणि ती सांगावी अशीच आहे. परंतु ती सांगतांना आपण नकळत एक चूक करतों. गुरूनें स्वतःस जाळून घ्यावें, हाच तिचा बोध आहे असें आपण मुलांच्या व शिक्षकांच्या मनावर ठसवितों. सावित्रीबाईंचेंच एक जुनें पत्र या बोधाला मुरड घालणारें आहे.

तें पत्र १० ऑक्टोबर १८५६ चें आहे. मुलींची पहिली शाळा १८४८ सालीं निघाली, त्याला तेव्हां आठ वर्षें झालीं होतीं. रस्त्यांतून जातांना अंगावर चिखल व शेण पडत होतें आणि नातलग तुटले होते. अशांत बाईंना मोठें दुखणें आलें व त्या माहेरीं नायगांवास गेल्या. तेथून जोतीरावांस लिहितांना त्या आपल्या प्रकृतीची हकीकत सांगतात. पण तेवढ्यावर थांबत नाहींत. आपण तेथें नसल्यामुळें सारा भार फातिमावर पडला असेल व तिला त्रास होत असेल, ही काळजी त्या बोलून दाखवितात. आणि ती कुरकुर मात्र करणार नाहीं, असेंही पुढें लिहितात.

श्रोतेहो, या एका ओळीच्या मजकुराकडे मी पुष्कळ वेळां परत जातों. एक शिक्षिका अंथरुणावर पडली आहे आणि तिच्या मनांत दुसऱ्या शिक्षिकेच्या भाराचा विचार आहे. जी कुरकुर करीत नाहीं तिच्याकडेच आधीं पाहिलें पाहिजे, हें तिनें ओळखलें होतें. आजारी पडल्यावर विश्रांति घेण्यांत तिला कमीपणा वाटला नाहीं. जोतीरावांसारखा जोडीदार आणि फातिमा शेख यांच्यासारखी सहकारी मागें उभी होती, म्हणूनच तिचें धैर्य इतकीं वर्षें टिकलें. मुंढव्याहून मूल पाठीवर आणणाऱ्या बाई तर आपल्या लक्षांत राहिल्याच. ही सोबतिणीची काळजी वाहणारी बाईही राहिली पाहिजे.

आतां आपण जवळजवळ शंभर वर्षें पुढें येऊं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, पहांटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं, लातूर आणि आज धाराशिव म्हणतात त्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती; गणपति बोळवून लोक उशिरां निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारों माणसें गेलीं आणि किल्लारी, सास्तूर यांसारखीं गांवें भुईसपाट झालीं.

त्यानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनें त्या भागांतील सुमारें बाराशें मुलें शिक्षणासाठीं पुण्यास आणलीं. पुढें या कामासाठीं वाघोली येथें शैक्षणिक पुनर्वसनाचें केंद्र उभें राहिलें आणि मेळघाटच्या आदिवासी मुलांनाही तेथें आसरा मिळाला. याच भूकंपानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीनें आपद्ग्रस्तांच्या मनःस्थितीचा दीर्घ अभ्यास झाला. त्यांत पुण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांचा पुढाकार होता. प्लेगाच्या काळीं ज्या दुखण्याला नांव नव्हतें, त्याची आतां वैद्यकशास्त्रानें दखल घेतली होती.

अशा मुलांचें दुःख मोठ्यांच्या दुःखासारखें दिसत नाहीं. मोठें माणूस रडतें, बोलतें. मूल पुष्कळदां गप्प होतें. रात्रीं दचकून उठतें. मोठें झालेलें मूल पुन्हां अंथरूण ओलें करूं लागतें. छपराखालीं निजावयास भितें. अभ्यासांत हुशार असलेला मुलगा पाढे विसरतो. वर्गांत हें सारें आळस किंवा उद्धटपणा म्हणून गणलें जातें आणि छडीनें त्यावर उपाय करण्याचा मोह होतो. वास्तविक तें मन हादरल्याचें चिन्ह असतें. त्यावरचे पहिले उपाय अगदीं साधे आहेत. ठरल्या वेळीं घंटा व्हावी, ठरल्या वेळीं जेवण मिळावें, ओळखीचा चेहरा रोज दिसावा, खेळ व्हावा, आणि विचारलेल्या प्रश्नाला खोटें उत्तर मिळूं नये. पुष्कळ मुलें एवढ्यावर सावरतात. जीं महिन्या-दोन महिन्यांत सावरत नाहींत, त्यांना मात्र तज्ज्ञाकडे नेलें पाहिजे.

येथें परदेशांतील एक दाखला उपयोगी पडेल. दुसऱ्या महायुद्धांत लंडनवर बाँब पडत असतां, १९४१ सालीं ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम या दोघींनीं हॅम्पस्टेड भागांत लहान मुलांसाठीं बालगृहें चालविलीं. त्यांना असें आढळून आलें कीं, बाँबच्या आवाजापेक्षां आईची ताटातूट मुलाला अधिक खचविते. आणि जवळचें मोठें माणूस शांत असलें तर मूलही पुष्कळसें शांत राहतें, तें घाबरलें तर मूलही घाबरतें. याचा अर्थ असा कीं, आपत्तींत मुलाचें औषध म्हणजे त्याच्या जवळचें स्थिर माणूस होय. आईबाप गेल्यावर किंवा तेच खचल्यावर ही जागा पुष्कळदां शिक्षकाकडे येते. मग त्या शिक्षकाचें स्वतःचें मन स्थिर कसें राहावें, याची व्यवस्था कोणीतरी केलीच पाहिजे.

ती व्यवस्था आपण केली नाहीं, हें कोविडनें दाखवून दिलें. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या आणि १८९७ चा तोच सांथरोगांचा कायदा महाराष्ट्रांत पुन्हां लागू झाला. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली. मधून मधून कांहीं वर्ग उघडले व मिटले. ४ ऑक्टोबर २०२१ पासून शाळा टप्प्याटप्प्यानें पुन्हां भरूं लागल्या, तरी सर्वांत लहान मुलांच्या वांट्याला जवळजवळ दोन वर्षांचा दुरावा आला. या काळांत शिक्षकाला दूरध्वनीच्या पडद्यावर शिकवावें लागलें, आणि कित्येक ठिकाणीं घरोघर जाऊन ताप व प्राणवायूची पातळी तपासण्याच्या कामावरही जावें लागलें. स्वतःच्या घरीं म्हातारे आईबाप, लहान मुलें; आणि संध्याकाळीं आपण घरीं रोग तर घेऊन जात नाहीं ना, ही धास्ती.

मी तेव्हां सेवेंतून निवृत्त झालों होतों. माझ्या हाताखालीं उमेदवारी केलेले एक तरुण शिक्षक २०२१ च्या उन्हाळ्यांत मला रोज रात्रीं दूरध्वनि करीत. वर्गांतल्या चाळीस मुलांच्या घरीं ते आळीपाळीनें चौकशी करीत असत. एके दिवशीं दुसरीतल्या एका मुलीनें त्यांना विचारलें, “गुरुजी, माझी आई दवाखान्यांतून कधीं येणार?” आई दोन दिवसांपूर्वींच गेली होती आणि घरच्यांनीं तें मुलीला सांगितलें नव्हतें. “मी कांहींतरी बोललों आणि फोन ठेवला,” असें मला सांगून तो धट्टाकट्टा माणूस हुंदके देऊं लागला. त्यानें ही गोष्ट मुख्याध्यापकांस सांगितली नव्हती, घरींही सांगितली नव्हती. “मास्तरानें रडावें काय?” असें तो मला विचारीत होता.

मी त्याला उपदेश केला नाहीं. मला तो येतही नव्हता. मी नुसतें ऐकून घेतलें, आणि दुसऱ्या दिवशीं त्या मुलीच्या आजीला भेटून, मुलीला साध्या शब्दांत खरें सांगावें, असें आम्हीं दोघांनीं ठरविलें. आजीनें सांगितलें. मुलगी पुष्कळ रडली. पण त्यानंतर ती फोनवर येऊन गुरुजींना आपल्या आईच्या गोष्टी सांगूं लागली. तरी माझ्या मनाला एक गोष्ट आजही बोंचते. माझ्या नोकरीच्या साऱ्या वर्षांत, मुलें घरीं गेल्यावर, सहकाऱ्याला “तुमचें कसें चाललें आहे?” असें मीं किती वेळां विचारलें असेल? हाताच्या बोटांवर मोजावें इतकेंच.

सरकारनें या दिशेनें कांहींच केलें नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. २१ जुलै २०२० रोजीं केंद्र सरकारनें ‘मनोदर्पण’ नांवाची योजना काढली. तींत विद्यार्थ्यांबरोबर शिक्षक व कुटुंबें यांचाही विचार आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर कोणासही विनामूल्य, मराठींतही, बोलतां येतें. २५ जुलै २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनीं प्रशिक्षित समुपदेशक नेमावा आणि शिक्षकांस वर्षांतून निदान दोनदां मानसिक आरोग्याचें प्रशिक्षण द्यावें, असें सांगितलें. हीं पावलें स्वागतार्ह आहेत. परंतु या प्रशिक्षणाचा रोख विद्यार्थ्याची व्यथा शिक्षकानें ओळखावी यावर आहे. शिक्षकाची व्यथा ओळखण्याचें काम अजून शाळेलाच करावयाचें आहे.

त्यासाठीं मोठा खर्च लागतो असें नाहीं. संकटकाळीं आठवड्यांतून एकदां शिक्षकांनीं अर्धा तास एकत्र बसावें, आणि त्या बैठकींत तक्ते व आंकडे मागूं नयेत. ज्या वर्गांत मृत्यु झाले आहेत त्या वर्गाचा भार दोघांनीं वांटून घ्यावा. ज्याच्या स्वतःच्या घरीं संकट आहे त्याला सुट्टी मागतांना अपराध्यासारखें वाटूं नये. मुख्याध्यापकांनीं, न बोलतां काम उरकणाऱ्याची विचारपूस आधीं करावी. आणि आपण पालकांनीं मुलाच्या गुणांची चौकशी करण्यापूर्वीं, “गुरुजी, आपण बरे आहांत ना?” एवढें एक वाक्य बोलावें.

मुंढव्याहून हडपसरकडे आज सिमेंटच्या इमारतींमधून रस्ता जातो. ससाणे मळ्याची ती जागा शोधूनही सहजासहजीं ओळखूं येत नाहीं. त्या वाटेनें जातांना सहासष्ट वर्षांच्या त्या बाईंची मला आठवण होते. आणि हल्लीं तिच्याबरोबर नायगांवाहून आलेलें तें पत्रही आठवतें. पुढचें संकट केव्हां व कोणत्या रूपानें येईल हें सांगतां येत नाहीं. तें येईल तेव्हां आपल्या शाळेंत कुरकुर न करणारी एखादी फातिमा असेलच. तिची आठवण काढणारें कोणी असावें, एवढी व्यवस्था आपण आजच करूं या.