घरातली दुनळी बंदूक

आमच्या घराण्याची दुनळी बंदूक रेवदंड्याच्या वाडीत चुलतभावाकडे आहे. 1857 च्या बंडानंतर खापरपणजोबा सुभेदारांना ती साहेबाने बक्षीस दिली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. यंदा चुलतभावाने वयोमानामुळे परवाना पुढे चालवायचा नाही असे ठरवले आणि बंदूक अमेरिकेत नेता का, असे विचारले.

येथे पहिला प्रश्न वर्षाचा निघाला. 1968 च्या संघीय कायद्याप्रमाणे 1898 किंवा त्याआधी बनलेली बंदूक पुरातन धरतात. नंतरची असेल तर आयातीची परवानगी लागते. म्हणजे घरातली गोष्ट खरी असेल तर आमची वाट बरीच सोपी होती.

पण बंदुकीच्या गोष्टी तपासून घ्याव्यात, हे आमच्या वेस्ट विंडसरनेच शिकवले आहे. ग्रोव्हर्स मिल हा याच गावाचा भाग. 30 ऑक्टोबर 1938 रोजी ऑर्सन वेल्स यांच्या रेडिओ नाटकात मंगळावरचे प्राणी येथे उतरले. घाबरलेल्या लोकांनी पाण्याच्या टाकीलाच शत्रू समजून गोळ्या झाडल्या, असे अजून सांगतात. बंदूक रोखलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याचे छायाचित्र तर देशभर गाजले. पण ते घटनेनंतर, वृत्तपत्राच्या छायाचित्रकारासाठी मुद्दाम उभे राहून काढलेले होते.

आम्ही चुलतभावाला सांगितले, बंदूक रिकामी असल्याची खात्री कर, नळ्या उतरव आणि त्यांच्या बुडाच्या सपाट भागाचे फोटो पाठव. इंग्लंडमध्ये कायद्यानेच प्रत्येक नळीत जादा दारू भरून बार काढतात, आणि नळी टिकली तरच तिच्यावर शिक्का मारतात. आमच्या नळ्यांवर मुकुटाखाली 'बीपी', 'बीव्ही' आणि 'एनपी' ही अक्षरे निघाली. हे शिक्के बर्मिंगहॅमचे, 1904 पासूनचे. 'एनपी' म्हणजे बिनधुराच्या दारूची परीक्षा. जुनी बंदूक पुन्हा तपासली तरी असे शिक्के मिळतात, पण मग आधीचेही दिसतात. येथे ते नव्हते. शिवाय घोडे आत लपलेले. ही रचना अॅन्सन आणि डीली यांनी 1875 मध्ये पेटंट केली. बंडाच्या वेळी पलटणींच्या हाती ठासणीच्या बंदुका होत्या. नळ्यांमधल्या पट्टीवरचे नाव आम्ही कारागिराचे समजत होतो, ते मुंबईच्या दुकानदाराचे निघाले.

मग पत्र्याच्या पेटीतला जुना परवाना सापडला. त्यावर सुभेदारांचे नाव नव्हतेच, रेल्वेत नोकरी करणाऱ्या आमच्या आजोबांचे होते. कारण लिहिले होते, पिकाचे रक्षण. रानडुकरे वाडीची नासधूस करीत. शिकारीचा प्रश्नच नव्हता, कारण गोळीने मेलेले जनावर शेहिता न झाल्याने काशेर नाही.

सुभेदार खोटे नव्हते. मुंबईच्या पलटणींत आपले अनेक लोक हुद्द्याला चढले. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पलटणींत जातवार कंपन्या झाल्या. आपली संख्या थोडी, स्वतंत्र कंपनी उभी राहीना, आणि भरती जवळजवळ थांबली. पुढची पिढी रेल्वेत आणि कचेऱ्यांत गेली. आजोबा त्याच पिढीतले. पगारातून पैसे साठवून त्यांनी बंदूक घेतली आणि वाडी राखली. त्यांच्या मागे आम्ही ती सुभेदारांच्या नावावर केली, कारण पलटणीची गोष्ट सांगायला अधिक शोभते.

बंदूक आम्ही येथे आणत नाही. ती नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा होईल. शिक्क्यांचे फोटो आणि परवान्याची प्रत मात्र आमच्याकडे राहील, त्यावर आजोबांचे नाव आहे. वाचकांना विनंती, आपल्या घरातही अशी एखादी वस्तू असेल. ती हातची जाण्याआधी तिच्यावरचे शिक्के आणि सोबतचे कागद नीट पाहून टिपून ठेवा.